एका मस्तकाचे अनेक नकाशे

मेंदूत खोलवर असलेली गाठ काढावयाची असे एकदा ठरले म्हणजे आजच्या मोठ्या रुग्णालयात त्या रोग्याच्या नावाने जे दफ्तर तयार होते, त्यात एकाच मस्तकाची चार-पाच निरनिराळी चित्रे असतात. आणि ती सर्व आपापल्या परीने खरी असूनही त्यांतील कोणतेही एक दुसऱ्याशी जसेच्या तसे जुळत नाही. सीटी स्कॅनमध्ये कवटीचे हाड लख्ख पांढरे उमटते, ताजा रक्तस्राव आणि चुन्याचे कण दिसतात, पण मेंदूच्या मऊ द्रव्यातील सूक्ष्म भेद तेथे फिके पडतात. एमआरआयमध्ये नेमके हेच भेद विलक्षण स्पष्टतेने प्रकट होतात, परंतु घट्ट हाड काळेच राहते. पेट स्कॅन रचनेविषयी फारसे सांगत नाही, मात्र पेशींचा चयापचय कोठे अधिक वेगाने चालला आहे याची वर्दी देते. आणि रोग्याला बोटे हलवावयास सांगून घेतलेला कार्यदर्शक एमआरआय हालचालीचे अधिष्ठान असलेला मेंदूचा भाग दाखवतो, जो भाग शल्यवैद्याने कोणत्याही परिस्थितीत जपावयाचा असतो. ही चित्रे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या यंत्रांत, मान निरनिराळ्या कोनांत असताना आणि निरनिराळ्या जाडीच्या कापांनी घेतलेली असतात. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाची अपेक्षा मात्र एवढीच असते की, या क्षणी आपल्या हत्याराचे टोक ज्या बिंदूवर आहे तो बिंदू या प्रत्येक चित्रात कोठे पडतो हे कोणीतरी त्याला खात्रीपूर्वक सांगावे. डॉक्टरमंडळी ज्याला रजिस्ट्रेशन म्हणतात, ती चित्रांची जुळणी या एका अपेक्षेतून जन्माला आली.

जमिनीच्या दाव्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा प्रश्न सर्वस्वी अनोळखी वाटू नये. एकाच गावाचा एक नकाशा महसूल खात्याने जुन्या काळी साखळीने मोजून केलेला असतो, दुसरा पाटबंधारे खात्याने कालव्याच्या निमित्ताने आखलेला असतो, तिसरा जंगल खात्याच्या कपाटातून निघतो. प्रत्येकाचे प्रमाण निराळे, उत्तर दिशा थोडी निराळी, आणि प्रत्येकाने आपल्या कामापुरतेच तपशील टिपलेले. मोजणीदार अशा वेळी तिन्ही नकाशांवर सापडतील असे हद्दीचे दगड, एखादी विहीर, एखादे देऊळ शोधतो आणि त्यांच्या आधाराने एक नकाशा दुसऱ्यावर ठेवतो. मस्तकाच्या बाबतीत कवटी हे ताठ, न वाकणारे आवरण असल्यामुळे काम तत्त्वतः सोपे आहे: एक चित्र दुसऱ्यावर आणण्यासाठी तीन दिशांतील सरकणे आणि तीन आसांभोवतीचे फिरणे, असे अवघे सहा आकडे पुरतात, आणि एका रेषेत नसलेले तीन बिंदू दोन्ही चित्रांत अचूक ओळखता आले तर हे सहाही आकडे निश्चित होतात. अडचण आहे ती ‘अचूक’ या विशेषणात. आणि या शास्त्राचा गेल्या शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास हा बहुतांशी त्या विशेषणाची किंमत मोजण्याचा इतिहास आहे.

लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली माकडाच्या डोक्यावर बसवावयाची एक चौकट प्रसिद्ध केली. कानाची छिद्रे आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना धरून ती घट्ट बसे, आणि मग मेंदूतील कोणताही बिंदू लांबी, रुंदी व खोली या तीन मापांनी सांगता येई. प्राण्यांत कवटीवरील खुणा आणि आतील मेंदू यांचे नाते बरेचसे कायम असते, म्हणून ही युक्ती प्रयोगशाळेत चालली. माणसात ते नाते व्यक्तीगणिक इतके बदलते की, केवळ बाहेरच्या खुणांवर विसंबून आत सुई घालणे म्हणजे शुद्ध जुगार ठरला असता. सबब मनुष्याच्या मेंदूसाठी ही चौकट वापरात येण्यास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. १९४७ साली फिलाडेल्फियाच्या अर्न्स्ट श्पीगेल आणि हेन्री वायसिस यांनी ती मजल मारली. वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली दाखवून दिले होते की, मेंदूच्या पोकळ्यांतील पाणी काढून तेथे हवा भरली तर त्या पोकळ्या क्ष-किरणांच्या चित्रात उमटतात. उपाय रोग्याला अतिशय वेदनादायक होता, परंतु त्याने मेंदूच्या आतील खुणा प्रथमच दृष्टीच्या टप्प्यात आल्या. आणि श्पीगेल व वायसिस यांनी चौकटीची मापे कवटीऐवजी या आतल्या खुणांशी जोडली. पुढे पॅरिसच्या जाँ तालेराक यांनी मेंदूतील दोन लहान जोडपट्ट्यांमधून जाणारी रेषा हीच सर्व मापांची मूळरेषा मानावी असा पायंडा पाडला, तो अजून मोडलेला नाही. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ साली जी चौकट केली तिच्यातील कल्पकता तर मला आजही मोहवते: त्यांनी अर्धवर्तुळाकार कमान अशी बसवली की, लक्ष्यबिंदू कमानीच्या केंद्रस्थानी आणला म्हणजे सुई कमानीवरील कोणत्याही जागेवरून, कोणत्याही कोनातून आत घातली तरी तिचे टोक केंद्रावरच पोहोचावे.

या सर्व खटाटोपात मेंदू स्वतः मात्र दिसत नव्हता. दिसत होत्या त्या त्याच्यातील पोकळ्या आणि रक्तवाहिन्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचा आडवा काप दाखवला, तेव्हा ही परिस्थिती पालटली. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी अनेक दिशांनी घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तूचा काप उभा करण्याची एक सुटसुटीत गणितपद्धती प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यातील गाळणी त्यांच्याच नावाने आजतागायत ओळखली जाते, हे आपल्याकडे जितके माहीत असावयास हवे तितके नाही. सीटीच्या कापात गाठ दिसू लागली. पण तो काप डोक्याच्या नेमक्या कोणत्या उंचीवरून आणि किती कलून गेला आहे हे त्या कापावरून कसे कळावे? कापाला लांबी-रुंदी असते, उंची नसते. यंत्राच्या टेबलाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा तर टेबल किंचित वाकले, रोग्याने मान हलवली, की सगळाच हिशेब कोलमडणार.

या कोड्याचे उत्तर १९७८ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या रसेल ब्राउन नावाच्या एका विद्यार्थ्याने काढले, आणि ते इतके सरळ आहे की, ते यापूर्वी कोणाला कसे सुचले नाही याचेच नवल वाटावे. त्याने डोक्याभोवतीच्या कड्यावर दोन उभ्या कांड्या आणि त्यांना जोडणारी एक तिरपी कांडी, अशी रोमन लिपीतील ‘एन’ अक्षरासारखी रचना तीन बाजूंना बसवली. कोणताही आडवा काप या रचनेतून गेला की चित्रात प्रत्येक बाजूला तीन ठिपके उमटतात. दोन उभ्या कांड्यांचे ठिपके जागचे हलत नाहीत. मधल्या तिरप्या कांडीचा ठिपका मात्र काप जितका वर जाईल तितका एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. म्हणजे मधला ठिपका दोघांमध्ये कोठे आहे एवढे मोजले की त्या बाजूला कापाची उंची कळते, आणि तीन बाजूंच्या तीन उंची कळल्या की कापाचे संपूर्ण प्रतल, त्याच्या कलासह, निश्चित होते. टेबलाच्या साक्षीची गरजच उरली नाही; प्रत्येक काप आपला पत्ता स्वतःच्याच अंगावर लिहून आणू लागला. ब्राउन, शल्यविशारद थिओडोर रॉबर्ट्स आणि यंत्रकार ट्रेंट वेल्स यांच्या नावाने ही चौकट जगभर गेली.

एमआरआय आल्यावर जुळणीची निकड आणखी वाढली, कारण आता एकाच दफ्तरात दोन तुल्यबळ साक्षीदार उभे राहिले आणि दोघांनाही वगळणे शक्य नव्हते. ग्रेनोबलला १९८७ साली आलीम-लुई बेनाबिद यांनी हातापायांची थरथर थांबवण्यासाठी मेंदूत खोलवर विद्युत्तार बसवून उत्तेजन देण्याची जी पद्धत सुरू केली, तिचे उदाहरण घ्यावे. कंपवातात ज्या केंद्रांत ही तार बसवतात ती जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची. ती एमआरआयमध्ये दिसतात, सीटीमध्ये जवळजवळ दिसतच नाहीत. परंतु एमआरआयचे चित्र चुंबकीय क्षेत्राच्या समतेवर अवलंबून असते, आणि हवेने भरलेल्या सायनसांच्या लगत किंवा यंत्राच्या कडांकडे हे क्षेत्र वाकडे झाले की चित्रही वाकडे होते. उलट सीटीतील क्ष-किरण सरळ रेषेतच जातात, म्हणून भूमितीच्या बाबतीत सीटीचा शब्द प्रमाण मानावा लागतो. तेव्हा पुष्कळ ठिकाणी अशी वहिवाट पडली की, एमआरआय निवांतपणे आधी एखाद्या दिवशी काढून ठेवावयाचा, शस्त्रक्रियेच्या सकाळी डोक्यावर चौकट बसवून सीटी काढावयाचा, आणि मग संगणकाकडून पहिला दुसऱ्यावर जुळवून घ्यावयाचा. लक्ष्य एकाने दाखवावे, मोजमाप दुसऱ्याने द्यावे.

चौकट भरवशाची खरी, पण ती जड असते, कवटीत खिळे रोवून बसवावी लागते आणि मोठ्या शस्त्रक्रियेत हातांच्या आड येते. तिच्यावाचून काम भागवण्याचे प्रयत्न १९८०च्या दशकात एकाच वेळी अनेक देशांत चालू होते. अमेरिकेत डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स यांनी १९८६ साली शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकावरच ध्वनीच्या ठिणग्या सोडणारी साधने बसवली, आणि तो ध्वनी ग्राहकांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो यावरून सूक्ष्मदर्शक कोठे रोखला आहे हे ठरवून सीटीमधील गाठीची बाह्यरेषा थेट नेत्रिकेत दाखवली. जपानमध्ये एजू वातानाबे यांनी १९८७ साली सांधे असलेला यांत्रिक हात वापरला. पुढे ध्वनीची जागा अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यांनी घेतली, आणि आज शस्त्रक्रियागृहात हत्यारावर बसवलेले लहान चकचकीत गोळे दिसतात ते या कॅमेऱ्यांसाठी असतात. चौकट गेली, तिच्या जागी त्वचेवर चिकटवलेल्या टिकल्या आल्या: चित्रे काढण्यापूर्वी डोक्यावर सहा-आठ किंवा अधिक टिकल्या लावावयाच्या, त्या चित्रात उमटतात, टेबलावर रोगी आल्यावर दर्शक-सळईचे टोक एकेका टिकलीला लावावयाचे, मग संगणक दोन्ही यादींतील बिंदू एकमेकांवर शक्य तितके चपखल बसवून सहा आकडे काढतो आणि पडद्यावर एक शिल्लक दाखवतो, म्हणजे इतके करूनही टिकल्या सरासरी किती मिलिमीटरने हुकल्या ते.

या शिल्लकेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सामान्य बुद्धीचा येथे मोठा घात होतो. शिल्लक कमी ती जुळणी चांगली असे कोणालाही वाटेल, आणि पुष्कळ वर्षे व्यवसायातील जाणत्यांनाही तसेच वाटत होते. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मायकेल फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या प्रकरणाचा गणिती खुलासा केला. समजा, प्रत्येक टिकलीची जागा ओळखण्यात आपली सुमारे २ मिलिमीटर चूक होते. चार टिकल्या वापरल्या तर पडद्यावर दिसणारी शिल्लक साधारणतः १.४ मिलिमीटर येईल. दहा वापरल्या तर ती कमी होण्याऐवजी वाढून १.८ होईल. म्हणजे शिल्लकेवरच निकाल द्यावयाचा तर टिकल्या काढून टाकणे श्रेयस्कर ठरेल! प्रत्यक्षात टिकल्यांच्या मध्यभागी असलेल्या बिंदूवर जुळणीची खरी चूक चार टिकल्यांनी १ मिलिमीटर होते आणि दहांनी ती ०.६ वर येते. शिल्लक एका दिशेला जाते आणि सत्य दुसऱ्या. कारण उघड आहे. बिंदू थोडे असले म्हणजे संगणकाला त्यांच्या चुकांशीच जमवून घेणे सोपे जाते, आणि हद्दीचे तीनच दगड धरून नकाशा बसवणाऱ्या मोजणीदाराला आपला नकाशा जसा उत्तम बसला असे वाटते, त्यातलाच हा प्रकार होतो.

त्याच गणिताचा दुसरा निष्कर्ष शल्यवैद्याच्या अधिक कामाचा आहे. लक्ष्यावरील चूक सर्वत्र सारखी नसते. टिकल्यांच्या मध्यबिंदूपासून जसजसे दूर जावे तसतशी ती वाढते, आणि टिकल्या जितक्या एकवटलेल्या असतील तितकी ती झपाट्याने वाढते. वरील चार टिकल्यांच्याच उदाहरणात, टिकल्या जेवढ्या विस्तारात पसरल्या आहेत त्याच्या तिप्पट अंतर प्रत्येक आसापासून असलेल्या जागी चूक १ वरून ३ मिलिमीटरच्या वर जाते. केस काढावे लागू नयेत आणि रोगी उताणा निजलेला असताना सोयीचे पडावे म्हणून सगळ्या टिकल्या कपाळावर लावून डोक्याच्या मागील भागातील गाठीचा शोध घेणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात येईल. पडद्यावरील शिल्लक मात्र दोन्ही प्रसंगी तीच राहते. याच फिट्झपॅट्रिक यांनी २००९ साली तर असे दाखवून दिले की, एखाद्या विशिष्ट रोग्याच्या बाबतीत ही शिल्लक आणि लक्ष्यावरील चूक यांत परस्परसंबंधच नसतो. मला या साऱ्या विषयात याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसरा दिसत नाही; कारण यंत्राने दाखवलेला दशांश चिन्हासहितचा आकडा पाहून माणसाच्या मनाला जो निर्धास्तपणा येतो, त्याचा पायाच येथे उखडला गेला आहे.

टिकल्या नसताना, केवळ चित्रांच्याच आधारे जुळणी करण्याची कथा निराळी आहे. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स पेलिझारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एका चित्रातून मस्तकाचा पृष्ठभाग काढून त्याला ‘डोके’ म्हटले, दुसऱ्या चित्रातील पृष्ठभागाच्या बिंदूंना ‘टोपी’ म्हटले, आणि टोपी डोक्यावर नीट बसेपर्यंत ती फिरवण्याचे काम संगणकाला दिले. सीटी, एमआरआय, पेट या तिन्हींना ही पद्धत लागू पडली, मात्र दोन्ही चित्रांत पृष्ठभाग आधी नीट रेखून घेण्याची मेहनत उरलीच. त्याहून थेट मार्ग १९९५च्या सुमारास बोस्टनजवळील एमआयटीत पॉल व्हायोला व विल्यम वेल्स यांना, आणि बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठात कोलिन्यों, मास व त्यांच्या सहकाऱ्यांना, स्वतंत्रपणे एकाच वेळी सापडला. दोन चित्रांतील तेजस्वितेची सरळ तुलना करून भागत नाही, कारण सीटीमध्ये जे हाड पांढरे तेच एमआरआयमध्ये काळे. आणि मेंदूतील पाणी तर एमआरआयच्या एका प्रकारात काळे, दुसऱ्या प्रकारात पांढरे. तेव्हा त्यांनी सारखेपणा मागण्याचे सोडून दिले आणि केवळ नियमितपणा मागितला.

त्याचा अर्थ असा. एक चित्र दुसऱ्यावर कसेही ठेवले तरी प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक सीटीचा आणि एक एमआरआयचा. चित्रे बरोबर जुळलेली असतील तर हाडाच्या सर्व ठिकाणी ‘फार उजळ व फार काळे’ अशीच जोडी येईल, पाण्याच्या सर्व ठिकाणी पाण्याची अशी दुसरी जोडी येईल, आणि सगळ्या जोड्यांचा आलेख मांडला तर तो काही मोजक्या जागी दाटून आलेला दिसेल. चित्र थोडे सरकवले की हाडाची गाठ मेंदूशी पडते, मेंदूची हवेशी, आणि नव्या विसंगत जोड्या उत्पन्न होऊन आलेख विस्कटतो. एका चित्रातील आकडा कळला असता दुसऱ्यातील आकड्याविषयीची अनिश्चितता किती घटते हे मोजण्याचे साधन क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली तारायंत्र-टेलिफोनच्या संदेशांचा विचार करताना सिद्ध करून ठेवलेले होतेच. त्याला परस्परमाहिती म्हणतात. ती जास्तीत जास्त होईल अशी स्थिती शोधावयाची, की जुळणी झाली. हाड म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, हे संगणकाला सांगण्याचे कारणच उरत नाही. दूरसंदेशवहनासाठी उभारलेले एक गणित अर्ध्या शतकानंतर रोग्याच्या कवटीत असे उपयोगी पडावे, हा विज्ञानातील देवघेवीचा मोठा लोभस नमुना आहे. पद्धतीत खोड एवढीच की, परस्परमाहितीच्या या डोंगराळ मुलखात लहानसहान टेकड्याही पुष्कळ असतात, आणि शोध एखाद्या टेकडीच्या माथ्यावरच समाधान मानून थांबू शकतो. म्हणून प्रथम धूसर चित्रांवर स्थूल जुळणी करून मग क्रमाने बारीक चित्रांकडे जाण्याची रीत आहे.

इतक्या पद्धती झाल्या, प्रत्येकाचा जनक आपलीच अचूक म्हणू लागला, तेव्हा कोणीतरी निःपक्षपाती चौकशी करणे भाग होते, आणि ती पुन्हा व्हँडरबिल्टमध्येच झाली. ज्या रोग्यांच्या कवटीच्या हाडात शस्त्रक्रियेसाठी खुणांचे खिळे बसवलेले होते, त्यांची सीटी, एमआरआय आणि पेट चित्रे घेतली गेली. खिळ्यांवरून खरी जुळणी काढून ती मोहोरबंद ठेवण्यात आली. चित्रांतून खिळ्यांचा मागमूस पुसून टाकण्यात आला. आणि मग ती चित्रे निरनिराळ्या देशांतील संशोधकांकडे पाठवून, तुमच्या पद्धतीने जुळवून उत्तरे पाठवा, असे त्यांना सांगण्यात आले. १९९७ साली निकाल प्रसिद्ध झाला. बहुतेक वेळा उत्तरे समाधानकारक होती; परंतु अधूनमधून मोठी चूकही होत होती, आणि ती होत आहे याची पद्धतीला स्वतःला जाणीव नसे. म्हणून जुळवलेले चित्र माणसाने डोळ्यांनी तपासल्याशिवाय वापरू नये, असा त्यांचा अभिप्राय पडला. संगणकशास्त्राच्या क्षेत्रात, उत्तर ठाऊक असलेल्याने उत्तर लपवून परीक्षा घ्यावी आणि निकालात आपल्या विषयाची उणीव निःसंकोच नोंदवावी, अशी उदाहरणे मी अधिक पाहिलेली नाहीत.

येथवरचे सर्व गणित कवटी ताठ असते या गृहीतावर उभे आहे, आणि शल्यवैद्य आपल्या पहिल्याच पावलाला ते गृहीत मोडतो. कवटीचा तुकडा काढून मेंदूवरील आवरण उघडले की आतील पाणी झिरपून जाते, सूज उतरावी म्हणून दिलेल्या औषधाने मेंदू आकसतो, गुरुत्वाकर्षणाने तो खाली बसतो, आणि गाठ जसजशी निघत जाते तसतशा भोवतालच्या भिंती पोकळीत सरकतात किंवा सुजून वर येतात. चौकटीवाचून मार्ग दाखवण्याची युक्ती ज्यांनी काढली त्या डेव्हिड रॉबर्ट्स यांनीच १९९८ साली अठ्ठावीस शस्त्रक्रियांत हे सरकणे मोजले, आणि मेंदूचा पृष्ठभाग सरासरीने सुमारे एक सेंटिमीटर, मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने, हललेला आढळला. दीड-दोन मिलिमीटरची चूक कमी करण्यासाठी एवढा आटापिटा केल्यावर दहा मिलिमीटरचा हा फरक पुढे यावा! मोजणी निर्दोष होती, जमीनच नंतर सरकली. आणि पडद्यावर मात्र सकाळच्या मेंदूचे चित्र तितक्याच आत्मविश्वासाने झळकत राहते.

यावर एक उपाय असा की, शस्त्रक्रिया चालू असतानाच नवे चित्र काढावे. बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात फेरेंक योलेश यांच्या पुढाकाराने १९९४च्या सुमारास असे एमआरआय यंत्र बसवण्यात आले की, त्याच्या दोन चुंबकीय कड्यांमधल्या फटीत शल्यवैद्य उभा राहून काम करू शके. चुंबकाशेजारी लोखंडी हत्यार नेता येत नसल्याने सारी सामग्री नव्याने घडवावी लागली, आणि खर्चाचा प्रश्न तर अद्यापही सुटलेला नाही. अल्ट्रासाऊंड स्वस्त आहे, टेबलाशी आणता येतो, हवा तेव्हा पुन्हा घेता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी मार्गदर्शक यंत्रणेला जोडलेल्या त्रिमितीय अल्ट्रासाऊंडचा मेंदूच्या गाठींसाठी अवलंब करून आपले अनुभव नियतकालिकांतून मांडले आहेत, आणि आपल्याकडील परिस्थितीत मला हाच मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. अडचण अशी की, अल्ट्रासाऊंड ऊतकांची जात दाखवत नाही, तर ध्वनी जेथून परततो त्या सीमा दाखवतो, आणि त्यातही ठिपक्यांचा गदारोळ फार; त्यामुळे एमआरआयशी त्याची परस्परमाहिती क्षीण पडते आणि निराळे मापदंड शोधावे लागतात. त्याशिवाय आता सहा आकडे पुरत नाहीत: मेंदू वाकतो, तेव्हा ठिकठिकाणी वेगवेगळे सरकणे मान्य करणारी लवचीक जुळणी हवी. ही लवचीकता दुधारी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चित्रात गाठ आहे, नंतरच्या चित्रात ती नाही. जुळवण्याच्या हट्टाला पेटलेली पद्धत गाठ काढली गेली असे न समजता, ती आकसून बिंदूएवढी झाली असे समजून भोवतालचा निरोगी मेंदू तेथे ओढून नेऊ शकते. किती वाकू द्यावयाचे आणि कोठे अजिबात वाकू द्यावयाचे नाही, हा निर्णय अखेर शरीररचनेच्या ज्ञानातूनच येतो.

इतर अवयवांविषयी थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. मणके हाडाचे असल्याने सोपे, पण पाठ वळली की प्रत्येक मणका स्वतंत्र हलतो, म्हणून स्क्रू बसवताना एकेका मणक्याची जुळणी वेगळी करावी लागते. यकृत श्वासागणिक वरखाली होते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगाचा संशयित भाग एमआरआयमध्ये दिसतो, पण तुकडा काढणारी सुई अल्ट्रासाऊंडच्या देखरेखीखाली चालते. सबब ही दोन चित्रे जुळवणारी यंत्रे बाजारात बरीच आली आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन नावाच्या चाचणीचा दाखला दिला जातो. ५०० पुरुषांच्या त्या चाचणीत एमआरआयने दाखवलेल्या जागी सुई रोखल्याने ३८ टक्के पुरुषांत महत्त्वाचा कर्करोग सापडला, तर जुन्या रीतीने ठरावीक जागांचे तुकडे घेतले असता २६ टक्के पुरुषांत. फरक मोठा आहे आणि एमआरआयची उपयुक्तता त्याने सिद्ध झाली यात शंका नाही. मात्र एमआरआयमधील जागा अल्ट्रासाऊंडवर संगणकाने जुळवून घ्यावी की डॉक्टरने दोन्ही पडदे पाहून नजरेने ताडावी, हे त्या चाचणीने ज्याच्या त्याच्यावर सोपवले होते. यंत्राच्या श्रेयाचा हिशेब तिच्यातून काढता येत नाही.